ताळेबंद त्यांचा, मतदान आपलं

नाट्यसंस्थेचं भांडण पेटलं की आपल्याकडे पहिला प्रश्न असतो अध्यक्ष कोण, दुसरा कार्यवाह कोण, आणि पैसे किती आहेत नि कुठे आहेत हा प्रश्न मागच्या रांगेतला एखादा म्हातारा सभासद विचारतो आणि त्याला खाली बसवतात. सध्या आमच्या गावाकडच्या एका जुन्या नाट्यसंस्थेत हेच चाललंय. नाव घेत नाही. दोन पॅनल आहेत, दोघांचं म्हणणं एकच की दुसऱ्याने पैसे खाल्ले, आणि मी इंग्लंडात बसून भावाचे व्हॉइस मेसेज ऐकतो. त्याचं शेवटचं वाक्य ठरलेलं असतं, तुमच्याकडे असं होत नसेल ना रे. होतं की, फक्त तऱ्हा वेगळी.

इथे लंडनच्या वेस्ट एंडचे धंदेवाईक निर्माते सोडले तर नाव घ्यावं अशी बहुतेक थिएटरं कायद्याने चॅरिटी, म्हणजे आपल्याकडच्या धर्मादाय संस्थांसारखी, आहेत. नॅशनल थिएटर चॅरिटी, रॉयल शेक्सपिअर कंपनी चॅरिटी, ओल्ड विक चॅरिटी. वर्ष संपल्यापासून दहा महिन्यांच्या आत वार्षिक अहवाल आणि हिशोब चॅरिटी कमिशनकडे, म्हणजे या संस्थांवर देखरेख करणाऱ्या सरकारी यंत्रणेकडे, द्यायचे आणि ते कमिशनच्या वेबसाइटवर कोणीही, म्हणजे अगदी माझ्यासारख्या बाहेरून आलेल्या माणसानेही, फुकट उघडून वाचायचे. उशीर झाला तर तोही तिथे दिसतो. मला हा नाद लागलाय, नाटक बघायला जायच्या आधी लोक रिव्ह्यू वाचतात, मी ताळेबंद वाचतो, बायको म्हणते तू नाटकाला चाललायस की ऑडिटला.

पण खरी गंमत वाचता आलं तर. पहिल्या पानावरचा एकूण निधीचा आकडा हमखास फसवतो. समजा एका थिएटरकडे एकूण निधी ६० लाख पौंड दिसतोय. वा, श्रीमंत संस्था. मग खाली टिपांमध्ये जायचं. त्यातले ५२ लाख म्हणजे ती इमारत, जी उद्या सकाळी विकून पगार देता येत नाही. पाच लाख कोणा देणगीदाराने शाळेतल्या मुलांच्या कार्यशाळेसाठी दिलेत, त्याला दुसरीकडे हात लावला तर विश्वासभंग. राहिले तीन लाख. आणि थिएटर चालवायचा खर्च महिन्याला दीड लाख. म्हणजे संस्थेकडे मोकळा पैसा दोन महिन्यांचा. त्यात एक ख्रिसमसचा शो पडला की संपलं. हा मोकळ्या पैशाचा आकडा किती ठेवायचा आणि का, हे संस्था चालवणाऱ्या विश्वस्तांना अहवालात लिहावं लागतं, आणि मी सगळ्यात आधी तोच परिच्छेद शोधतो, कारण तिथे गोलगोल भाषा दिसली की समजायचं पाणी मुरतंय.

बाकी पण मजेशीर गोष्टी सापडतात. मध्यंतरात आइस्क्रीम आणि वाइन विकणारी बऱ्याचदा वेगळी कंपनी असते, थिएटरचीच, नफा झाला की तो चॅरिटीला दान करते. टॅक्सच्या ओळीत खर्चाऐवजी चक्क जमा दिसते, कारण २०१४ पासून नाटकाच्या निर्मितीखर्चावर सरकार करसवलत देतं आणि कर भरण्याइतका नफाच नसेल तर ती रोख हातात मिळते. वर्षाला ६० हजार पौंडांच्या वर पगार घेणारे किती लोक ते दहा-दहा हजारांच्या टप्प्यांत छापावं लागतं. आणि एखाद्या विश्वस्ताच्या फर्मला काम दिलं असेल तर ते, रकमेसकट. विश्वस्त स्वतः साधारणपणे फुकट काम करतात, गाडीभाडं घेतलं तर त्याचीही नोंद.

आता हे सगळं ऐकून भाऊ म्हणतो बघ, शिस्त. थांब जरा. शिस्तीने थिएटर वाचत नाही. साउदॅम्प्टनची नफील्ड ही थिएटर कंपनी २०२० च्या मेमध्ये पैसे संपून दिवाळखोरीच्या प्रशासकाच्या ताब्यात गेली आणि परत उभीच राहिली नाही, सरकारचं १.५७ अब्ज पौंडांचं कोविड पॅकेज जाहीर झालं ते जुलैमध्ये. त्या पॅकेजमधून नॅशनल थिएटरला जे १ कोटी ९७ लाख पौंड मिळाले ते अनुदान नव्हतंच, फेडायचं कर्ज होतं. मँचेस्टरजवळच्या ओल्डहॅमच्या कोलिझियमचं, शंभराहून जास्त वर्षांचं थिएटर, कलेसाठी सरकारी पैसा वाटणाऱ्या आर्ट्स कौन्सिलने २०२२ च्या नोव्हेंबरात नियमित अनुदान बंद केलं आणि २०२३ च्या मार्चअखेर ते बंद पडलं. अनुदानाच्या त्याच यादीत लंडनच्या डॉनमार थिएटरचं अनुदान पूर्ण गेलं, पण डॉनमार टिकलं, कारण लंडनमध्ये देणगीदार आहेत आणि ओल्डहॅममध्ये नाहीत. हिशोब दोघांचेही कोणालाही बघता येत होते. उघडे हिशोब आजार दाखवतात, औषध देत नाहीत.

आणि जी गोष्ट भावाला पटतच नाही ती म्हणजे इथे सभासदांना मत नसतं. तुम्ही वर्षाला पैसे भरून थिएटरचे मेंबर होता, तुम्हाला तिकिटं दोन दिवस आधी मिळतात, बस्स. विश्वस्त मंडळ बहुतेक ठिकाणी स्वतःच स्वतःचे वारसदार निवडतं. जाहिरात देतात, मुलाखती घेतात, तीन-तीन वर्षांच्या मुदती असतात आणि नऊ वर्षं झाली की उठायचं ही साधारण रीत, हे सगळं छान, पण शेवटी बँकवाला वकिलाला निवडतो आणि वकील बँकवाल्याला, त्यांच्यात एखादा नाटकवाला आणि जे बाल्कनीत बसतात त्यांच्यातलं कोणी नाही. कलात्मक दिग्दर्शक कोण येणार, यावर प्रेक्षकाला विचारायचं असतं हेच कोणाच्या डोक्यात नाही.

आपल्याकडे उलट. १९०५ साली स्थापन झालेली नाट्य परिषद घ्या किंवा तालुक्याची हौशी संस्था घ्या, निवडणूक होते, पॅनल पडतात, आजीव सभासद ज्याने तीस वर्षांपूर्वी शंभर-दोनशे रुपये भरले तोसुद्धा पडदा, रंग, सगळ्यावर बोलतो. ही लोकशाही आपण फार हिणवतो, मला ती इथल्या गोड गुपचूप व्यवस्थेपेक्षा मोलाची वाटते. तिच्यात एकच भोक आहे पण ते मोठं आहे, मतदाराला हिशोब न दाखवता मत मागतात.

आणि कायदा नाही असं कोणी म्हणू नका. महाराष्ट्राचा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा १९५० चा आहे आणि कागदावर तो इथल्यापेक्षा कडक आहे. इथली थिएटरं शिल्लक कुठे ठेवायची ते बरंचसं स्वतः ठरवतात, तिकडे शिल्लक कुठे गुंतवायची ते कायदाच सांगतो, म्हणून आपल्या संस्थांचा जीव एफडीत. जागा विकायची तर धर्मादाय आयुक्तांची परवानगी. कार्यकारिणी बदलली की ९० दिवसांत चेंज रिपोर्ट, म्हणजे नवी नावं नोंदवून घ्यायचा अर्ज, द्यायचा. तो देतातही, मग समोरचं पॅनल हरकत घेतं आणि ते प्रकरण वर्षानुवर्षं पडून राहतं, तोवर पुढची निवडणूक येते, आता जुने म्हणतात नोंदीवर आमचीच नावं, नवे म्हणतात आम्ही निवडून आलोय, आणि बँक म्हणते सहीचा अधिकार कोणाला ते आधी ठरवा. आमच्या गावच्या संस्थेत नेमकं हेच झालंय. पैसे खाल्ले की नाही देव जाणे, पण नाट्यगृहाच्या पंख्यांचं बिल द्यायला सही कोणाची हे ठरत नाहीये. भ्रष्टाचाराचा आरोप चघळायला बरा असतो, पण आमच्या गावची संस्था त्याच्या आधी कागदानेच बंद पडायची वेळ आलीय.

त्या कायद्याच्या ठरलेल्या नमुन्यात, परिशिष्ट आठमध्ये, राखीव आणि विशिष्ट निधींसाठी वेगळी जागा आहे. म्हणजे इथले लोक ज्याचा एवढा बाऊ करतात ते ठरावीक कामासाठीच दिलेल्या पैशांचं वर्गीकरण आपल्याकडे आधीपासून छापील आहे. आपण काय करतो, डाव्या बाजूला इमारत निधी म्हणून १४ लाख लिहितो, उजव्या बाजूला बँकेत आणि एफडीत मिळून सहा लाख, आणि कोणी विचारत नाही की बाबा इमारत अजून बांधली नाही तर मधले आठ लाख कुठल्या रूपात आहेत. चोरी झालेली असेलच असं नाही. बहुतेक वेळा ते स्पर्धेच्या खर्चात, गेल्या दिवाळीच्या महोत्सवात, वीजबिलात गेलेले असतात. पण देणगीदाराने ते इमारतीसाठी दिले होते.

इथली बरीच मराठी मंडळंसुद्धा चॅरिटी म्हणून नोंदलेली असतात, तिथे आपलीच पुण्या-नाशिकची माणसं वेळेवर अहवाल भरतात, सगळा घोळ इथेही असतो, रुसवेफुगवे, गटबाजी, गणपतीत कोण स्टेजवर बसणार, पण हिशोब भरला जातो, कारण तो सगळ्यांना दिसणार असतो. त्यामुळे आपल्या लोकांच्या स्वभावातच नाही वगैरे मला सांगू नका.

भावाला मी एवढंच सांगितलं की पॅनलच्या भानगडीत पडू नकोस, सभेत उभा राहा आणि विचार, निधींची यादी आणि त्याच तारखेचे बँक शिल्लकीचे दाखले शेजारी-शेजारी ठेवा. आणि कुठल्याही पदाधिकाऱ्याच्या घरच्या मांडववाल्याला, साउंडवाल्याला पैसे दिलेत का ते नावानिशी सांगा. तो म्हणाला सभेला कोरमच भरत नाही, अर्धा तास तहकूब करतात आणि मग त्याच जागी त्याच १८ माणसांत सगळे ठराव एकमताने मंजूर. या वर्षीची नोटीस त्याने काल पाठवली. विषय क्रमांक तीन, हिशोबपत्रकास मंजुरी देणे. हिशोबपत्रक सोबत नाही. खाली लिहिलंय, सभासदांना कार्यालयात पाहायला मिळेल, सायंकाळी ५ ते ७, मोबाइलने फोटो काढू नयेत.