‘फोन करायचा आणि विमान बोलवायचं’: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

नुनावुत या कॅनडाच्या उत्तरेकडच्या प्रदेशातल्या नर्सिंगच्या नोकऱ्यांवरच्या लेखाखाली तुम्ही सविस्तर लिहिलंत, म्हणून उत्तरही सविस्तर. तुमचा आक्षेप थोडक्यात असा: आयसीयूची नोकरी सोडून कॅनडाच्या उत्तर टोकाला जाणं म्हणजे शिकलेलं विसरणं. तिथे पॅरासिटामोल द्यायची, डॉक्टरांना फोन करायचा आणि विमान बोलवायचं, एवढंच काम. लोक पैशासाठी जातात. आणि जायचंच असेल तर आधी किती वर्षं आयसीयू करावं, असं शेवटी विचारलं आहे.

पैशाबद्दल वाद नाही. पगार बरा असतो, वर उत्तरेचा भत्ता. नोकरी पैशासाठीच करतात. विमानाच्या मुद्द्यावर मात्र तुमच्याशी पटत नाही, कारण त्या कामातलं सगळ्यात अवघड कौशल्य नेमकं तेच आहे.

नुनावुतमध्ये २५ वस्त्या आहेत आणि त्यांना जोडणारा एकही रस्ता नाही. रुग्णालय एक, इकालुइतचं. बहुतेक वस्त्यांत आरोग्य केंद्र नर्सच चालवतात. डॉक्टर फोनवर असतात आणि अधूनमधून भेटीला येतात. गंभीर रुग्ण पूर्व भागातून ओटावाला, किवालिक या मधल्या भागातून विनिपेगला, पश्चिमेकडून यलोनाइफला किंवा एडमंटनला जातो. धावपट्ट्या बहुतेक खडीच्या. हिमवादळ बसलं की विमान उतरत नाही, मग रुग्ण कितीही गंभीर असो.

आता दोन महिन्यांचं बाळ धरा. ब्रॉन्किओलायटिस, म्हणजे फुप्फुसातल्या बारीक श्वासनलिकांना सूज, आजाराचा दुसरा दिवस. श्वास थोडा जलद, ऑक्सिजन ९४ टक्के, दूध नेहमीच्या निम्मं. वॉर्डात तुम्ही काय कराल? निरीक्षण. बिघडलं तर लिफ्टने वर आयसीयूत. इथे विचार उलट्या दिशेने करावा लागतो. हा आजार साधारण तिसऱ्या ते पाचव्या दिवशी जोर धरतो, इतक्या लहान बाळाचा श्वास मध्येच थांबण्याची भीती असते, आणि उद्या दुपारपासून वादळाचा इशारा आहे. म्हणजे बाळ ‘बरं’ दिसतंय तेव्हाच ते पाठवायचं की नाही हे ठरवायचं. उद्या रात्री ते दमलेलं असेल आणि विमान नसेल. उलट प्रत्येक सर्दीला विमान मागवलं, तर त्याच वेळी दुसऱ्या वस्तीत रक्तस्राव होणाऱ्या बाळंतिणीला ते मिळणार नाही. फोनवरचा डॉक्टर निर्णय घेतो खरा, पण तो घेतो तुम्ही सांगितलेल्या चित्रावर. त्यामुळे आकड्यांच्या जोडीला हेही सांगावं लागतं: दोन तासांपूर्वी कसं होतं, किती वेळा पाजलं, किती लंगोट ओले झाले, हवामानाचा अंदाज काय.

मग विमान येईपर्यंतचे तास. वर केबिनमधला दाब कमी होतो आणि शरीरात अडकलेली हवा फुगते, साधारण ८,००० फुटांच्या दाबाला सुमारे एक तृतीयांशाने. म्हणून छातीत हवा साठली असेल तर ती काढणारी नळी विमान सुटण्याआधीच घालायची. श्वासनलिकेतल्या नळीच्या फुग्याचा दाब चढताना आणि उतरताना तपासायचा. ताजं प्लास्टर असेल तर ते उभं कापून सैल करायचं. ऑक्सिजनचा हिशेब कागदावर: ई आकाराच्या भरलेल्या सिलिंडरमध्ये सुमारे ६८० लिटर असतात, मिनिटाला १० लिटर दिला तर जेमतेम तासभर. धावपट्टीवर विमानाची वाट पाहण्यातच तो संपतो. आणि उणे ३५ला गाडीतून विमानात नेताना सलाईनची नळी उघडी राहिली तर आतलं पाणी गोठतं, त्यामुळे पिशवी आणि नळी दोन्ही पांघरुणाच्या आत.

थंडी आणि अंतर तपासण्यांनाही फसवतात, हे आयसीयूतून येणाऱ्यांना सगळ्यात उशिरा उमगतं. रक्ताचा नमुना सेंट्रिफ्यूज न करता, म्हणजे यंत्रात फिरवून पेशी वेगळ्या न करता, पुढच्या विमानाने पाठवला, तर पेशींतून पोटॅशियम बाहेर झिरपतं आणि प्रयोगशाळेचा आकडा खोटा वर येतो. वाटेत गोठला तर पेशी फुटतात, नमुनाच वाया. म्हणून सीरम, म्हणजे वरचा पातळ भाग, वेगळं करून मगच पाठवायचं. बोटं गार पडली की पल्स ऑक्सिमीटर वाटेल ते दाखवतो किंवा काहीच दाखवत नाही. त्याहून घातक म्हणजे शिकारीच्या तंबूत किंवा बंद केबिनमध्ये स्टोव्ह पेटवून झोपलेली माणसं डोकेदुखी-मळमळ घेऊन येतात, तेव्हा तो ९८ दाखवतो. साधा ऑक्सिमीटर कार्बन मोनॉक्साइड बसलेल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनवालंच समजतो. आकडा बाजूला ठेवून जास्तीत जास्त ऑक्सिजन सुरू करायचा आणि तंबूत आणखी कोण होतं ते लगेच विचारायचं.

लशींचंही तसंच. सगळीकडे चिंता असते ती लस तापण्याची, इथे ती गोठण्याची. हिपॅटायटिस बीची लस गोठली की निकामी होते, आणि वितळल्यावर वरवर पाहून ते कळेलच असं नाही. पेटी उघडताच तापमानाची नोंद पाहायची, २ ते ८ अंशांच्या खाली गेली असेल तर ती खोकी वेगळी ठेवून कळवायचं. इन्सुलिन गोठलं असेल तर सरळ फेकायचं.

विसरण्याबद्दल तुम्ही म्हणता ते अर्धं खरं आहे. व्हेंटिलेटरचा हात जातो, अनेक इन्फ्यूजन पंप एकावेळी सांभाळण्याचा सरावही जातो. पण आयसीयूच्या नर्सला जे येतच नव्हतं ते समोर ठाकतं: वाहणारा कान, गरोदरपणातली तपासणी, कुत्रा चावल्यावरचा रेबीजचा निर्णय (आर्क्टिक कोल्ह्यांत रेबीज आहे, त्यामुळे हा प्रश्न पुस्तकी नाही), क्षयाच्या रुग्णाचे संपर्क शोधणं. सुप्त क्षयासाठी (जंतू अंगात आहेत, आजार अजून नाही) आठवड्यातून एकदा असे १२ डोस समोर बसून द्यायचे, तेव्हा लघवी केशरी होईल आणि गर्भनिरोधक गोळ्यांचा भरवसा कमी होईल, हे पहिल्याच भेटीत सांगायला हवं. नाहीतर तिसऱ्या आठवड्यात माणूस येणं बंद.

क्षयाचं नाव काढल्यावर एखादी आजी गप्प झाली, तर त्यामागे इतिहास आहे. १९५०च्या दशकात ‘सी. डी. हाउ’ या जहाजावर एक्स-रे काढून इनुइट, म्हणजे तिथल्या मूळ रहिवासी, रुग्णांना थेट दक्षिणेच्या सॅनेटोरियममध्ये, म्हणजे क्षयाच्या रुग्णालयात नेलं. कित्येक परतलेच नाहीत, आणि घरच्यांना थडगं कुठे आहे तेही कळलं नाही. तेव्हाचे पंतप्रधान ट्रुडो यांनी याची माफी इकालुइतमध्ये मागितली ती ८ मार्च २०१९ला. बरं, गप्प म्हणजे गप्पच असं नाही. भुवया वर गेल्या तर ‘हो’, नाक मुरडलं तर ‘नाही’. नवीन नर्स कागदाकडे बघत प्रश्न विचारते आणि ‘उत्तर देत नाही’ असं लिहून मोकळी होते.

तुमच्या आक्षेपाला खरा आधार वेगळ्याच ठिकाणी आहे, तो मीच देते. कॅनडाच्या महालेखापरीक्षकांनी २०१५मध्ये मॅनिटोबा आणि ऑन्टॅरिओतल्या दुर्गम फर्स्ट नेशन्स (कॅनडातले इतर मूळ रहिवासी) वस्त्यांतली आरोग्यसेवा तपासली. नमुन्यातल्या ४५ नर्सपैकी निवडलेली पाचही सक्तीची प्रशिक्षणं पूर्ण केलेली नर्स एकच निघाली. ती केंद्रं नुनावुतची नव्हेत, केंद्र सरकारची, पण धडा तोच. तयारी न करता धाडलं जातं आणि माणसं टिकत नाहीत. दर काही आठवड्यांनी नवा चेहरा, मग रुग्णाला तीच कहाणी पुन्हा पहिल्यापासून सांगावी लागते. त्रास तिथे आहे.

आता तुमचा प्रश्न. आयसीयूची वर्षं मोजू नका. दोन-तीन वर्षांचा सर्वसाधारण अनुभव असेल तर पुढचं वर्ष इमर्जन्सी विभागात घाला, जमल्यास काही महिने बालरोग आणि प्रसूती. प्रौढांचं आणि लहान मुलांचं प्रगत जीवरक्षण, नवजात पुनरुज्जीवन आणि ट्रॉमाचा कोर्स निघण्याआधी संपवा, तिथे गेल्यावर वेळ मिळत नाही. मुलाखतीत चार गोष्टी विचारा: केंद्रात एकूण नर्स किती, रात्री मदतीला दुसरी कोण येणार, दुभाषी कामाच्या वेळेनंतर मिळतो का, आणि पहिले किती दिवस जुन्या नर्सबरोबर काम करायला मिळेल. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ‘आल्यावर बघू’ असं आलं, तर तो करार घेऊ नका.