विरोधी पक्षांची गट्टी जमवण्याचे काही सोपे उपाय

आपल्या लोकप्रतिनिधींनी पक्षभेद विसरून एकदिलानं काम करावं, असं वाटतं ना तुम्हाला? फार अवघड नाही. इंदूरकरांचा सल्ला घ्या.

पहिला उपाय, लग्न काढा. आमचा पार्षद, म्हणजे नगरसेवक, एका पक्षाचा, विधायक, म्हणजे आमदार, दुसऱ्याचा. गल्लीतलं ड्रेनेज चेंबर दिवाळीपासून वाहतंय. पार्षद म्हणतो, "विधायक निधीतून होईल." विधायकांचा माणूस म्हणतो, "काका, पार्षद त्यांचा, आम्ही कसा हात घालणार?" दोघांचं वैर म्हणजे अगदी विळ्या-भोपळ्याचं. परवा एका रिसेप्शनला पाहतो तर दोघं एकाच सोफ्यावर! विधायकसाहेबांनी टूथपिकनं पार्षदाच्या प्लेटमधलं तळलेलं गराडू उचललं, वर जीरावण मसाला कमी पडल्याचंही सांगितलं. मी धीर करून चेंबरचा विषय काढला. दोघं एका सुरात म्हणाले, "अहो काका, लग्नात काय हे!" याला म्हणतात सहमती.

दुसरा उपाय, काहीही मागू नका.

तिसरा, वेतन-भत्त्यांचा विषय काढा. गोंधळ घालायला सभागृहाच्या वेलमध्ये, म्हणजे अध्यक्षांसमोरच्या मोकळ्या जागेत, कुणी उतरत नाही.

चौथा उपाय मात्र रामबाण. सहकार्य कशाला, सरळ पक्षच बदलायला सांगा. कायद्याचीही हीच इच्छा दिसते. 1985 पासून पक्षांतरबंदी आहे. एखाद्या विधेयकावर समोरच्याचं म्हणणं पटलं आणि व्हिप, म्हणजे पक्षाचा आदेश, मोडून मत दिलं, तर आमदारकी जाऊ शकते. पण राजीनामा देऊन समोरच्याच्या चिन्हावर पुन्हा उभं राहिलं, तर गळ्यात हार! 2018 ला मध्य प्रदेशानं काँग्रेसला 114 आणि भाजपला 109 जागा दिल्या. मार्च 2020 मध्ये काँग्रेसच्या 22 आमदारांना सहकार्याची अशी काही उबळ आली, की कमलनाथांचं सरकारच गेलं. त्यातले कित्येक आमदार नसतानाच मंत्री झाले, मग पोटनिवडणूक लढले. आणि 2024 च्या लोकसभेला आपण इंदूरकरांनी तर कमालच केली. अर्ज मागे घ्यायच्या शेवटच्या दिवशी काँग्रेसच्या उमेदवारानं अर्ज मागे घेतला आणि थेट भाजपत. मुख्य लढतच संपली. एवढं सौहार्द सहन न होऊन 2,18,674 लोकांनी 'नोटा'चं, म्हणजे 'यांपैकी कुणीही नाही'चं, बटण दाबलं. कृतघ्न कुठले!

अहो लोकप्रतिनिधींनो, पण आम्ही तुम्हाला एकमेकांच्या पक्षात जा म्हटलं होतं का? आम्ही म्हटलं होतं, एकमेकांचं ऐका. आपल्या सुमित्राताई महाजन लोकसभेच्या अध्यक्ष होत्या तेव्हा उपाध्यक्ष अण्णाद्रमुकचे थंबीदुराई होते. भांडणं तेव्हाही होत, ताईंनी पंचवीस काँग्रेस खासदारांना निलंबितही केलं होतं, पण ती खुर्ची तरी भरलेली होती. पुढची लोकसभा 2019 ते 2024 उपाध्यक्षाविनाच उरकली. संविधानात लिहिलेलं पद आहे ते, ऐच्छिक विषय नाही! नरसिंह रावांनी 1994 ला विरोधी बाकांवरच्या अटलजींना भारताच्या शिष्टमंडळाचं नेतृत्व देऊन जिनिव्हाला धाडलं. अटलजींनी त्यासाठी पक्ष नाही बदलला.

तुमच्याकडून एका चेंबरसाठी दोन सह्या होत नाहीत. अधिवेशन आलं की पहिल्या दिवशी गोंधळ घालता, ठरल्याआधीच गुंडाळून भोपाळहून निघता, आणि वर आम्हाला म्हणता विरोधक काम करू देत नाहीत. बसा तिथे. पूर्ण दिवस बसा. समोरच्यानं विचारलं तर उत्तर द्या, पटलं तर हो म्हणा, नाही पटलं तर सगळ्यांसमोर का ते सांगा. पगार त्याचाच घेता ना?