कोंबडं झाकून पाहिलं तेव्हा : एका प्रतिक्रियेला उत्तर

मागच्या लेखावर गुहागरहून एका काकांची लांबलचक प्रतिक्रिया आली आहे. मुंबईतल्या एका इस्पितळाच्या लॅबमध्ये नोकरी करून ते आता गावी आंबा-काजूची बाग बघतात. लेख होता टी पेशींना, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या एका जातीच्या पांढऱ्या पेशींना, चेतवल्यावर पहिल्या तासाभरात आत काय उलथापालथ होते यावर. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : पेशी दुभंगते दीड-दोन दिवसांनी, मग पहिल्या पाच मिनिटांत आत वाढणाऱ्या कॅल्शियमचं एवढं कौतुक कशाला? ते तर साध्या धक्क्यानेही वाढतं. ती नुसती थरथर. ‘कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही.’ शिवाय लॅबमध्ये पेशी चेतवायला वापरतात त्या राजम्याच्या अर्काने केलेले प्रयोग म्हणजे काही शरीर नव्हे, आणि कोकणातल्या वाचकाला याचा उपयोग शून्य.

काका, म्हण नेमकी काढलीत. फक्त इथे कोंबडं झाकून पाहिलेलं आहे, आणि तांबडं फुटलं नाही.

टी पेशीच्या रिसेप्टरला, म्हणजे पटलावरच्या इशारा टिपणाऱ्या प्रथिनाला, इशारा मिळाला की काही सेकंदांत एलसीके नावाचं विकर त्याच्या आतल्या शेपट्यांवर फॉस्फेट चिकटवतं. तिथे झॅप-७० हे दुसरं विकर येऊन बसतं आणि फॉस्फोलायपेज सीपर्यंत निरोप जातो. हे विकर पेशीपटलातल्या एका चरबीचे दोन तुकडे करतं. एक तुकडा आतल्या साठ्यातलं कॅल्शियम मोकळं करतो. साठा रिता झाला की पटलातली दारं उघडतात आणि बाहेरचं कॅल्शियम आत घुसतं. दुसरा तुकडा प्रोटीन कायनेज सी या आणखी एका विकराला कामाला लावतो.

आता झाकाझाकी. बाहेरचं कॅल्शियम ईजीटीए या रसायनाने बांधून टाकलं तर राजम्याचा अर्क कितीही ओता, पेशी डीएनए बनवायला घेत नाही. प्रतिकारशक्ती दाबणारं सायक्लोस्पोरिन हे औषध दिलं तर कॅल्शियम वाढतं, पण त्याचा निरोप पुढे नेणारं कॅल्सिन्यूरिन हे विकर अडवलं जातं, पेशीला दुभंगायला लावणारं इंटरल्यूकिन-२ हे प्रथिन बनत नाही आणि विभाजन थांबतं. मूत्रपिंड बदललेले कितीतरी रुग्ण याच जातीच्या गोळ्या घड्याळ लावून घेतात, त्या यासाठीच. आणि हा प्रयोग निसर्गानेही केला आहे. कॅल्शियमच्या त्या दारांचं ओराय-१ नावाचं प्रथिन जन्मतःच बिघडलेल्या मुलांची माहिती २००६ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांच्या रक्तात टी पेशी होत्या, पण कामाच्या नव्हत्या. साध्या जंतुसंसर्गानेही ती मुलं धोक्यात येत.

उलटा प्रयोगही आहे. रिसेप्टरला हात न लावता कॅल्शियम आत सोडणारं आयोनोमायसिन आणि प्रोटीन कायनेज सी जागं करणारं फॉर्बोल एस्टर एकदम दिलं, तर पेशी दुभंगते. एकेकट्याने हे नीट जमत नाही. (फॉर्बोल एस्टर मुळात जमालगोट्याच्या तेलातलं. आजीच्या बटव्यातली वस्तू कुठे पोचली बघा!)

कॅल्शियम साध्या धक्क्यानेही वाढतं, हे तुमचं खरंच आहे. क्षणभर उसळून ओसरलेल्या कॅल्शियमने काहीच होत नाही. आणि ते टिकलं तरी सीडी-२८ या पेशीवरच्या दुसऱ्या रिसेप्टरमार्फत येणारा दुसरा इशारा नसेल तर पेशी दुभंगण्याऐवजी थंड पडते, पुढच्या खऱ्या इशाऱ्यालाही नीट दाद देत नाही. पण यातून ‘पहिले बदल निरर्थक’ असं निघत नाही, ते टिकावे लागतात एवढंच निघतं. कॅल्शियम खाली आलं की कॅल्सिन्यूरिनने केंद्रकात धाडलेलं एनफॅट हे प्रथिन काही मिनिटांत केंद्रकाबाहेर पडतं आणि त्याने उघडलेली जनुकं पुन्हा गप्प होतात. अबईच्या जातीतल्या एका शेंगेच्या दाण्यापासून मिळणाऱ्या आणि राजम्याच्या अर्कासारखंच काम करणाऱ्या कॉन-ए या प्रथिनाने पेशी चेतवल्या आणि पहिल्या काही तासांतच मॅनोजच्या घराण्यातली साखर घालून ते सोडवून घेतलं, तर बहुतेक पेशी विभाजनापर्यंत जातच नाहीत. म्हणजे तुमची पाच मिनिटं आणि दीड दिवस यांच्यात पोकळी नाही. सुरुवातीचं काम मधले कित्येक तास चालूच असतं.

राजमा शरीरात नसतो, कबूल. तो अनेक रिसेप्टर एकदम ओढून पेशींच्या झुंडीला चेतवतो. खऱ्या संसर्गात हजारो-लाखोंतली एखादीच पेशी नेमका जंतू ओळखते. पण झुंड एकदम जागी झाली म्हणूनच तर आत काय घडतं ते मोजता आलं. १९६० मध्ये पीटर नॉवेल यांनी हा अर्क वापरला तो लाल पेशी गोळा करून बाजूला काढायला, आणि लिम्फोसाइट (टी पेशी ज्यांच्यात मोडतात त्या पांढऱ्या पेशी) दुभंगताना दिसल्या! तोवर त्या म्हणजे आयुष्याच्या शेवटाला आलेल्या पेशी, अशीच समजूत होती. मोठं केंद्रक आणि भोवती पेशीद्रवाची जेमतेम कड, एवढाच तर त्यांचा ऐवज. त्याच फुगून मोठ्या होताना तुम्ही स्लाइडवर पाहिल्या असणार.

उपयोगाचं म्हणाल तर लावणीच्या दिवसांतला लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा जंतूंचा ताप) घ्या. ताप आल्याच्या दुसऱ्या दिवशी अँटिबॉडीची तपासणी निगेटिव्ह येते आणि माणूस निर्धास्त होऊन पुन्हा चिखलात उतरतो. टी पेशींच्या भावंडं असलेल्या, अँटिबॉडी बनवणाऱ्या बी पेशी चेतून, दुभंगून, मोजण्याइतक्या अँटिबॉडी रक्तात यायला तापाचे साधारण पाच ते सात दिवस जातात. म्हणून डॉक्टर संशयावरच औषध सुरू करतात आणि रक्त पुन्हा मागतात.

एक मात्र तुम्हीच सांगा. गुणसूत्रांच्या तपासणीसाठी राजम्याचा अर्क घालून ७२ तास रक्त वाढवायचं, हे तुमच्या लॅबचं रोजचं काम होतं असं तुम्हीच लिहिलंय. पेशींचं विभाजन मधेच थांबवणारं ते कोल्चिसिन तुम्ही नेमकं कितव्या तासाला घालत होता? आमच्या मुलांना दाखवायचं आहे.