गाडी बंद म्हणजे गिऱ्हाईक बंद? फिरणाऱ्या मजकुराला मुद्देसूद उत्तर

शहराच्या मध्यभागात एखादा दिवस मोटारी बंद ठेवायचं ठरलं की एक मजकूर हटकून फिरू लागतो. शहराचं नाव बदलतं, मुद्दे तेच राहतात. गाडीतून येणाराच खरा खर्च करतो आणि त्या दिवशी तो फिरकत नाही. बाहेरगावचे लोक पार्किंगअभावी परत जातात. वयस्कर आणि अपंग घरात अडकतात. कोंडी संपत नाही, शेजारच्या रस्त्यावर जाते. एका दिवसाने हवेत काडीचा फरक पडत नाही. आणि शेवटी हुकमाचं पान, अमेरिकेने हे करून पाहिलं आणि हात पोळून घेतले. यातल्या काही मुद्द्यांत तथ्य आहे. ते कुठे आणि किती, हे एकेक करून पाहू.

‘गाडीवालाच खरं गिऱ्हाईक’

दुकानदार हे मनापासून सांगतात, पण त्यांचा अंदाज चुकतो, आणि नेहमी एकाच बाजूला चुकतो. ऑस्ट्रियातल्या ग्राझमध्ये १९९१ साली दुकानदारांना वाटत होतं की ५८ टक्के गिऱ्हाईक गाडीने येतं. प्रत्यक्षात ३२ टक्के येत होतं. इंग्लंडमधल्या ब्रिस्टलमध्ये २००६ साली अंदाज होता ४१ टक्के, निघाले २२. कारण साधं आहे. दारासमोर लागलेली गाडी डोळ्यांना दिसते. दोन चौक अलीकडे बसमधून उतरून चालत आलेला माणूस कशाने आला, हे काउंटरवरून कळत नाही.

आकडेमोड करून पाहा. १०० मीटर लांबीच्या रस्त्यावर दोन्ही कडांना एकामागे एक गाड्या लावल्या, तर गाडीमागे ६ मीटर धरून, दारं आणि वळणं वगळता, जेमतेम ३० गाड्या मावतात. प्रत्येक गाडी तासभर उभी राहिली आणि तिच्यात सरासरी दीड माणूस आला, तर तासाला ४५ माणसं. तोच रस्ता मोकळा करून फक्त ३ मीटर रुंदीचा पट्टा चालायला दिला, तर रुंदीच्या मीटरमागे मिनिटाला २५ माणसं आरामात जातात, म्हणजे तासाला ४,५००. त्यातले सगळे खरेदी करणार नाहीत हे उघड आहे. पण ४५ जणांची जागा भरून काढायला ४,५०० जणांपैकी एक टक्का पुरतो.

गाडीने येणारा एका फेरीत जास्त खरेदी करतो, हे मात्र अनेक ठिकाणी खरं आहे. चालत किंवा सायकलने येणारा महिन्यात जास्त वेळा येतो. अमेरिकेतल्या पोर्टलंडमध्ये २०१२ साली झालेल्या अभ्यासात रेस्टॉरंट, बार आणि कोपऱ्यावरच्या छोट्या दुकानांत सायकलवाल्यांचा महिन्याचा खर्च गाडीवाल्यांपेक्षा कमी नव्हता. सुपरमार्केटमध्ये मात्र गाडीवाले पुढे होते. तेव्हा कपडे, पुस्तकं, खाणंपिणं विकणाऱ्याने घाबरायचं कारण नाही. फ्रिज, फर्निचर किंवा फरशी विकणाऱ्याचा मात्र त्या दिवशी खरोखर तोटा होतो. त्याला ‘गर्दी वाढेल’ म्हणून समजावण्यात अर्थ नाही. त्याच्यासाठी बंदीच्या हद्दीच्या कडेला माल उचलण्याची जागा, तिथपर्यंत नेणाऱ्या हातगाड्या आणि दुसऱ्या दिवशी घरपोच, एवढी सोय आधी ठरवावी लागते.

स्पेनची राजधानी मद्रिदच्या मध्यभागात २०१८ च्या नोव्हेंबरअखेरीस गाड्यांवर निर्बंध आले, ऐन नाताळच्या खरेदीच्या तोंडावर. त्या हंगामात बँक कार्डांवरचा खर्च निर्बंध असलेल्या भागात ८.६ टक्क्यांनी वाढला, संपूर्ण शहरात ३.३ टक्क्यांनी. एका दिवसाच्या बंदीला हा आकडा जसाच्या तसा लावता येणार नाही, पण ‘बाजार बसतो’ या भाकिताला तो पुरेसं उत्तर आहे.

‘बाहेरगावचे परत जातात’

जातात. आणि जातात तेव्हा चूक बहुतेक वेळा बंदीची नसते, हद्दीच्या कडेला केलेल्या व्यवस्थेची असते.

पहिली चूक फलकांची. ‘रस्ता बंद’ हा फलक शेवटच्या चौकात लावला जातो. तो वाचेपर्यंत माणूस रांगेत अडकलेला असतो. पुढे बॅरिकेड, मागे हॉर्न. फलक हवा तो दोन-तीन किलोमीटर अलीकडे, जिथून वळणं अजून शक्य आहे, आणि त्यावर ‘बंद’पेक्षा पार्किंगचं नाव आणि दिशा मोठ्या अक्षरांत हवी. मोबाइलवरच्या नकाशांना रस्ता बंद असल्याची माहिती आधीच दिलेली नसेल, तर तेच नकाशे लोकांना थेट बॅरिकेडपर्यंत आणून सोडतात.

दुसरी आणि जास्त महागात पडणारी चूक संध्याकाळच्या बसची. हद्दीबाहेर गाडी लावलेल्यांना बसने आत-बाहेर न्यावं लागतं. समजा कडेच्या पार्किंगमध्ये ६०० गाड्या, गाडीमागे दोन माणसं, एकूण १,२००. येणारे सकाळभर विखरून येतात. सर्वांत गर्दीच्या तासात ४० टक्के धरले तर ४८० जण. एका बसमध्ये ५५ माणसं, म्हणजे ९ फेऱ्या. जाऊन-येऊन अर्धा तास लागत असेल तर ५ बस पुरतात. परतताना मात्र सगळे एकदम निघतात. शेवटच्या तासात ६० टक्के, म्हणजे ७२० जण. १४ फेऱ्या, ७ बस. संयोजक सकाळच्या हिशेबाने ५ बस घेतात, त्याच संध्याकाळीही चालवतात, आणि त्यांतली एखादी चालकाची पाळी संपली म्हणून सहा वाजता डेपोत जाते. दिवसभर मजेत फिरलेलं कुटुंब पाऊण तास रांगेत उभं राहतं आणि घरी जाऊन रांगेचंच सांगतं. ‘पाहुणे नाराज झाले’ ही बातमी बरेचदा इथे जन्मते.

बेल्जियमच्या ब्रसेल्समध्ये सप्टेंबरमधल्या एका रविवारी सकाळी साडेनऊ ते संध्याकाळी सात असा संपूर्ण शहरात कारमुक्त दिवस पाळला जातो. त्या दिवशी शहरातली सार्वजनिक वाहतूक मोफत असते आणि सवलत मिळालेल्या वाहनांना ताशी ३० किलोमीटरची मर्यादा असते. साडेनऊची वेळ महत्त्वाची आहे: हॉटेल सोडणारे, माल उतरवणारे, पहाटेच्या गाडीने आलेले, सगळे तोवर मोकळे होतात. जिथे बंदी आधीच्या मध्यरात्रीपासून लागते, तिथे हॉटेलात सामानासह येणाऱ्यांसाठी आरक्षण दाखवून ठरावीक वेळेत आत सोडणारं एक तरी फाटक ठेवावंच लागतं.

‘वयस्कर, अपंग आणि ॲम्ब्युलन्स’

मजकुरातला सर्वांत वजनदार मुद्दा हाच. त्याला ‘अहो, सवलत असते’ एवढं उत्तर पुरत नाही, कारण सवलत कागदावर असते आणि अडचण रस्त्यावर. अपंगत्वाचा परवाना असलेल्या गाड्यांना चालण्याच्या वेगाने आत येऊ देणं ही पहिली पायरी. पण अनेक अपंग व्यक्ती गाडी चालवतच नाहीत. त्यांची अडचण जमिनीवरच्या बारीकसारीक गोष्टींमुळे होते. ध्वनिक्षेपकाच्या वायरी झाकणारी पाच-सात सेंटिमीटर उंच रबरी पट्टी व्हीलचेअरला अडवते आणि काठीवाल्याला पाडते. अंधांसाठी बसवलेल्या उठावाच्या फरश्यांवर नेमका स्टॉल उभा राहतो. दोन अडथळ्यांमधलं अंतर १.२ मीटर ठेवलं तर गाडी आत शिरत नाही आणि व्हीलचेअर सहज जाते. पण दुपारपर्यंत त्या फटीत कुणीतरी सायकल टेकवून ठेवलेली असते. प्रत्येक फाटकावर एक स्वयंसेवक फक्त ही फट मोकळी ठेवायला लागतो. शिवाय ५० मीटरला एक बसायची जागा हवी, आणि ती सावलीत हवी. स्लोव्हेनियाच्या ल्युब्लियाना शहराने मध्यभाग कायमचा वाहनमुक्त केला तेव्हा ‘कावालिर’ नावाची छोटी विजेवरची वाहनं सुरू केली. हात दाखवला की थांबतात, पैसे घेत नाहीत.

ॲम्ब्युलन्स आणि अग्निशमनाच्या बंबासाठी चार मीटरचा सलग, नागमोडी नसलेला पट्टा सोडायचा असतो. स्टॉल एकाच कडेला लावले की तो आपोआप राहतो. दोन्ही कडांना लावले की दुपारी टेबलं पुढे सरकतात आणि पट्टा अडीच मीटरवर येतो. बंब सकाळी प्रत्यक्ष फिरवून बघावा, विशेषतः कोपऱ्यांवर. पाणी भरलेले प्लास्टिकचे अडथळे दोन माणसांना ढकलता येत नाहीत, त्यामुळे आपत्कालीन वाटेवर ते नकोतच. शिवाय हे अडथळे मुद्दाम गर्दीत घुसवलेला ट्रकही थांबवू शकत नाहीत. २०१६ मध्ये फ्रान्सच्या नीस शहरात गर्दीत ट्रक घुसवून झालेल्या हल्ल्यानंतर मोठ्या रस्त्यांच्या तोंडाशी अवजड वाहन आडवं उभं करण्याची पद्धत रूढ झाली आहे. फक्त चालक किल्लीसह वाहनातच बसलेला हवा. चालक चहाला गेला आणि मागे ॲम्ब्युलन्स आली, तर ती सगळी तयारी उलटी अंगावर येते.

‘कोंडी फक्त सरकते’

सगळी सरकत नाही. रस्त्याची क्षमता कमी केल्यावर नेमकं काय होतं, याचा ११ देशांतल्या सुमारे ७० ठिकाणांचा अभ्यास उपलब्ध आहे. एकूण वाहतूक सरासरीने २२ टक्क्यांनी घटली. मध्यक, म्हणजे सगळी ठिकाणं घटीच्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, ११ टक्के. सरासरी जास्त आणि मध्यक कमी, याचा अर्थ मोजक्या ठिकाणी मोठी घट झाली आणि निम्म्या ठिकाणी ती ११ टक्क्यांच्या आतच राहिली. म्हणजे ‘वाहतूक हवेत विरते’ असं छातीठोकपणे सांगणाऱ्यांनीही जरा जपून बोलावं.

कडेची कोंडी होते ती मुख्यतः पहिल्या तास-दोन तासांत, आणि तिचं एक कारण फारच फुटकळ असतं: सिग्नल. चौकातली एक बाजू बंद आहे, पण १२० सेकंदांच्या चक्रात तिला ३० सेकंद हिरवा दिवा मिळतच राहतो. म्हणजे चौकाचा पाव वेळ रिकाम्या रस्त्यासाठी वाया, तोही वळवलेली वाहतूक सर्वांत जास्त असताना. हद्दीवरच्या प्रत्येक सिग्नलची वेळ आदल्या रात्री बदलून ठेवली की निम्मी ओरड थांबते. हद्दीबाहेरच्या पहिल्या दोन गल्ल्यांत पार्किंग फक्त रहिवाशांसाठी राखणं हे दुसरं काम. ते विसरलं की पुढच्या वर्षीचा विरोध त्याच गल्ल्यांतून येतो.

‘रविवारी ठीक, कामाच्या दिवशी जमणार नाही’ हेही ऐकू येतं. कोलंबियाची राजधानी बोगोटाने २४ फेब्रुवारी २००० रोजी कारमुक्त दिवस पाळला, आणि तो गुरुवार होता. त्याच वर्षी तिथल्या लोकांनी मतदान करून तो दरवर्षी पाळायचं ठरवलं.

‘हवेत फरक पडत नाही’

त्या दिवसापुरता पडतो. पॅरिसच्या २७ सप्टेंबर २०१५ च्या पहिल्या कारमुक्त दिवशी काही रस्त्यांवर नायट्रोजन डायऑक्साइड हा गाड्यांच्या धुरातला वायू ४० टक्क्यांपर्यंत कमी मोजला गेला. वर्षाच्या सरासरीत एक दिवस दिसत नाही, आणि तसा दावा कुणी केला तर तो चूकच. सूक्ष्म धूलिकण तर बरेचसे दुरून येतात. ते या प्रमाणात घटत नाहीत.

‘अमेरिकेत फसलं’

हे खरं आहे. मिशिगन राज्यातल्या कॅलमॅझूमध्ये १९५९ साली तिथला पहिला पादचारी बाजार, म्हणजे गाड्यांना बंद असलेला बाजाररस्ता, झाला, मग देशभर सुमारे २०० झाले आणि बहुतेक पुन्हा गाड्यांना उघडले गेले. शिकागोची स्टेट स्ट्रीट १९७९ ते १९९६, फ्रेस्नोचा फुल्टन मॉल १९६४ ते २०१७. पण ते होते कायमचे पादचारी मार्ग, आठवड्याचे सातही दिवस, आणि अशा भागांत जिथले रहिवासी आणि मोठी दुकानं आधीच उपनगरांकडे निघाली होती. गाड्या काढल्या म्हणून लोक गेले नाहीत. लोक चालले होते म्हणून गाड्या काढून पाहिल्या. जिथे आसपास वस्ती आणि विद्यापीठ होतं, तिथे हेच टिकलं: बोल्डरची पर्ल स्ट्रीट १९७७ पासून, बर्लिंग्टनची चर्च स्ट्रीट १९८१ पासून. अमेरिकेबाहेर, डेन्मार्कच्या कोपनहेगनमधली स्ट्रॉय ही बाजारपेठ १९६२ मध्ये आधी प्रयोग म्हणून बंद झाली आणि १९६४ मध्ये कायम झाली. एका दिवसाच्या बंदीत तर सोमवारी सकाळी बॅरिकेड उचलले की सगळं पूर्ववत होतं.

मोजायचं कसं

दोन्ही बाजूंचे आकडे बहुधा मोजणीतच बिघडलेले असतात. कारमुक्त रविवारची तुलना आधीच्या शनिवारशी होते. फाटकावर येणारा-जाणारा एकच माणूस दोनदा मोजला जातो. आणि समर्थक बँड बोलावून, फुकट सरबत वाटून जमलेली गर्दी कारमुक्तीच्या खात्यात टाकतात.

चार प्रवेशमार्गांवर दर तासाला १५ मिनिटं, येणारे वेगळे आणि जाणारे वेगळे मोजावेत. तसेच आकडे कार्यक्रमाविनाच्या, तशाच हवामानाच्या एका रविवारी आणि बंदी नसलेल्या दुसऱ्या बाजारपेठेतही घ्यावेत. दुकानदाराला ‘धंदा कसा झाला’ असं विचारू नये, बिलांची संख्या मागावी. तीही फक्त त्या दिवसाची नाही: काही खरेदी आदल्या शनिवारी उरकली जाते, काही सोमवारवर ढकलली जाते, म्हणून शुक्रवार ते मंगळवारची एकत्र बेरीज धरावी.