‘इफ्फी तोट्यात चालतो, बंद करा’ म्हणणाऱ्यांना

नोव्हेंबर जवळ आला की गोव्यातल्या आणि तळकोकणातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरायला लागतो. शब्द थोडेफार बदलतात, सार तेच. पणजीत मांडवीकाठी भरणारा इफ्फी, म्हणजे भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, ही सरकारी पैशाची उधळपट्टी. पासांच्या पैशातून खर्च निघत नाही. तोच पैसा रस्त्यांना आणि शाळांना द्यावा. फायदा होतो तो हॉटेलवाल्यांचा, गोंयकाराच्या हाती काही लागत नाही. तेव्हा महोत्सव बंद तरी करा, नाहीतर एखाद्या कंपनीला चालवायला द्या. मेसेज पुढे ढकलणारी माणसं माझ्या ओळखीची आहेत, भली आहेत. म्हणूनच उत्तर द्यावंसं वाटतं.

‘पासांच्या पैशातून खर्च निघत नाही.’ नाहीच निघत, आणि तो निघावा अशी कल्पनाही कधी नव्हती. 1952 साली हा महोत्सव पहिल्यांदा मुंबईत भरला तोच मुळी फिल्म्स डिव्हिजनच्या पुढाकाराने, सरकारी खर्चाने. इटलीचा नववास्तववादी सिनेमा आपल्याकडच्या कित्येकांनी तेव्हा पहिल्यांदा पडद्यावर पाहिला. पणजीत पाटोला मध्यवर्ती ग्रंथालय आहे, 1832 पासूनची परंपरा सांगणारं. वाचकांच्या वर्गणीतून त्याचा खर्च निघतो का, असं कोणी विचारत नाही. मग हाच हिशोब सिनेमालाच का लावायचा?

‘तो पैसा रस्त्यांना द्या.’ गोव्याचा 2024-25 चा अर्थसंकल्प साडेसव्वीस हजार कोटींच्या वर होता. महोत्सवाचा खर्च मुद्दाम फुगवून 50 कोटी धरा. तरी तो शंभर रुपयांतले वीस पैसेसुद्धा होत नाही. पणजीचे रस्ते खणून ठेवलेत ते इफ्फीमुळे नव्हे. आणि उधळपट्टीच शोधायची असेल तर पणजीतल्या कला अकादमीकडे पाहा. चार्ल्स कोरियांनी बांधलेली इतकी देखणी वास्तू, नूतनीकरणासाठी दीर्घकाळ बंद ठेवली आणि 2023 च्या जुलैत काम चालू असतानाच खुल्या रंगमंचाचं छत खाली आलं. त्या पैशाचा जाब विचारणारा मेसेज असाच दरवर्षी फिरला असता तर मी तो स्वतः पुढे पाठवला असता.

‘गोंयकाराला काय मिळालं?’ हा मुद्दा सगळ्यात जास्त खटकतो, कारण उत्तर रस्त्यावरून दिसतं. 2004 साली महोत्सव गोव्यात आला तेव्हा जुन्या गोमेकॉचं, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या जुन्या इमारतीचं, काय चाललं होतं ते आठवा. 1842 पासूनचा वारसा सांगणारं वैद्यकीय महाविद्यालय बांबोळीला गेलं होतं आणि नदीसमोरच्या त्या इमारतीला धड वाली उरला नव्हता. इफ्फीच्या निमित्ताने ती दुरुस्त झाली, आवारात चार पडद्यांचं आयनॉक्स उभं राहिलं, शेजारचा माकिनेझ पॅलेस सावरला. महोत्सव नऊ दिवसांचा, इमारती वर्षभराच्या. 2016 पासून सेरेंडिपिटी हा कला महोत्सव डिसेंबरात त्याच जुन्या गोमेकॉत भरतो, तोही विनामूल्य. सुट्टीच्या दिवशी म्हापशाहून किंवा फोंड्याहून पोरं सिनेमाला येतात ती त्याच आयनॉक्समध्ये.

महोत्सवाच्या दिवसांत सकाळी नऊच्या खेळाला तिथे उभं राहून बघा. ज्यांची सीट बुक झालेली नाही त्यांची रश लाइन वेगळी असते. तिच्यात पुण्याहून आलेले फिल्मचे विद्यार्थी असतात, सावंतवाडीहून पहाटेच्या एसटीने आलेला एखादा मास्तर असतो, पणजीतल्या निवृत्त बाई असतात. दार उघडतं, पुढचे वीस-पंचवीस आत जातात आणि उरलेले तसेच पायलटच्या, म्हणजे मोटारसायकल टॅक्सीवाल्याच्या, मागे बसून पुढच्या थिएटरकडे निघतात. इराणचा किंवा पोलंडचा सिनेमा मोठ्या पडद्यावर बघायला या लोकांनी एरवी कुठे जायचं? दिल्लीला?

कोकणी सिनेमाची दखल जगात घेतली जाते तीही याच वर्षांत. लक्ष्मीकांत शेटगांवकर यांच्या ‘पलतडचो मुनिस’ला 2009 मध्ये टोरांटोत समीक्षकांचा फिप्रेस्की पुरस्कार मिळाला. त्याचं श्रेय इफ्फीला देणं दिग्दर्शकावर अन्याय होईल. पण 2007 पासून इफ्फीला जोडून एनएफडीसी या सरकारी चित्रपट महामंडळाचा फिल्म बाजार भरतो, जिथे नव्या सिनेमांना निर्माते आणि खरेदीदार भेटतात, आणि मुंबईच्या डब्यावरचा ‘द लंचबॉक्स’ याच बाजारातून वाट काढत पुढे गेला, हेही खरंच आहे. असल्या गोष्टी पासांच्या हिशोबात दिसत नाहीत.

‘फायदा हॉटेलवाल्यांचा.’ इथे मेसेजवाल्यांशी माझं भांडण नाही. नोव्हेंबर हा गोव्याच्या हंगामाचाच महिना, खोल्या एरवीही भरतात. इफ्फीमुळे पर्यटन वाढलं असं मंत्री सांगतात, ते मलाही पटत नाही. महोत्सवाचं समर्थन त्या आकड्यांवर करूच नये.

‘कंपनीला चालवायला द्या.’ शेजारी मुंबईत काय झालं ते पाहा. मामी या खासगी संस्थेचा चित्रपट महोत्सव 1997 पासूनचा, नावाजलेला, सिनेमाच्या राजधानीतला. 2014 मध्ये मोठा प्रायोजक गेला आणि लोकांकडून वर्गणी गोळा करून तो वाचवावा लागला. पुढे दुसरा मोठा प्रायोजक मिळाला, तोही सुटला आणि 2025 मध्ये महोत्सव भरलाच नाही. मुंबईसारख्या शहरात ही गत, तर जेमतेम 40 हजार वस्तीच्या पणजीत कंपनी किती दिवस टिकेल? टिकलीच तर रश लाइनीतल्या मास्तरांसाठी नक्कीच नाही.

राग धरायचाच तर 2017 चा धरा. ज्युरीने इंडियन पॅनोरमात, म्हणजे इफ्फीच्या भारतीय सिनेमांच्या विभागात, निवडलेले रवी जाधव यांचा ‘न्यूड’ आणि मल्याळममधला ‘एस दुर्गा’ केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाने परस्पर काढून टाकले, आणि ज्युरीचे अध्यक्ष सुजॉय घोष यांनी राजीनामा दिला. एक मराठी सिनेमा आपल्या दाराशी येऊन परत गेला आणि आपल्या ग्रुपांवर तेव्हाही चर्चा पैशाचीच. सरकारी पैशाने चालणाऱ्या महोत्सवात सरकारने सिनेमे निवडायचे की ज्युरीने, हा प्रश्न लोकांनी विचारायचा आहे. मंडपापासून पाहुण्यांच्या विमानभाड्यापर्यंतचा प्रत्येक वर्षाचा खर्च बाबवार संकेतस्थळावर टाका, ही मागणीही करायची आहे. त्या मागणीचा मेसेज कोणी लिहिला तर मला पाठवा, सही करतो.