निकियात बायबलवर मतदान झालंच नव्हतं
दर नाताळच्या आसपास तोच फॉरवर्ड फिरतो: सन ३२५ मध्ये सम्राट कॉन्स्टंटाईनने निकिया शहरातल्या बिशपांच्या परिषदेत मतदान घेऊन बायबलमधली पुस्तकं ठरवली, नकोशी जाळून टाकली, म्हणजे हा देवाचा नाही, राजाचा ग्रंथ.

आधी मतदान. निकियात भांडण होतं एरियस नावाच्या धर्मगुरूच्या शिकवणीवरून, म्हणजे ख्रिस्त देवपित्याच्या बरोबरीचा की त्याने निर्माण केलेला. शिवाय ईस्टर कधी पाळायचा हा प्रश्न. परिषदेचे २० नियम आजही वाचायला मिळतात, त्यात पुस्तकांची यादी नाही. बायबलचा लॅटिन अनुवादक जेरोम नंतर एके ठिकाणी लिहितो की निकियाने जूडिथचं पुस्तक पवित्र लेखांत धरल्याचं वाचनात येतं, पण तेही एका पुस्तकापुरतं, आणि त्यावरून अख्खं बायबल तिथे ठरलं म्हणणं म्हणजे फारच झालं.

मग यादी आली कुठून? हळूहळू, ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये काय वाचलं जायचं त्यातून. सन १८० च्या सुमारास बिशप इरेनियस चारच शुभवर्तमानं (येशूच्या जीवनाचे वृत्तांत) म्हणून ठासून सांगतोय, म्हणजे कॉन्स्टंटाईन जन्मायच्या कितीतरी आधी. याकोब, यहूदा, २ पेत्र या पत्रांवर मात्र वाद चालू होता, आणि तो निकियानंतरही मिटला नाही. आज नव्या करारात (बायबलच्या येशूपासूनच्या भागात) आहेत तीच २७ पुस्तकं अलेक्झांड्रियाचा बिशप अथेनेशियसच्या ३६७ च्या ईस्टर पत्रात दिसतात, निकियानंतर ४२ वर्षांनी. सगळं तिथेच ठरलं असतं तर त्याला पुन्हा यादी लिहायची गरजच काय होती?

जाळपोळीचं म्हणाल तर कॉन्स्टंटाईनने पुस्तकं जाळायचा हुकूम काढला होता हे खरंय, पण एरियसची! त्यावर पांघरूण घालायचं कारण नाही. फक्त ती शुभवर्तमानं नव्हती.

आता खरा मुद्दा, माणसांनी निवडलं म्हणजे पवित्र कसं? यात गृहीत धरलंय की ख्रिस्ती लोक बायबल आकाशातून छापून पडलं असं मानतात. शुभवर्तमान लिहिणारा लूक सुरुवातीलाच सांगतो की मी सगळं नीट शोधून क्रमाने लिहितोय. 'प्रत्येक शास्त्रलेख परमेश्वरप्रेरित आहे' हे वाक्य तीमथ्याच्या दुसऱ्या पत्रात आहे आणि त्याच पत्रात पुढच्या अध्यायात त्रोवस गावी राहिलेला झगा घेऊन ये असा निरोपही आहे. माणसाच्या हातून, माणसाच्या गरजांसकट देव बोलतो, हाच तर दावा आहे. तो पटो न पटो, पण खोडायचा तर तो खोडा ना. प्रॉटेस्टंट म्हणतात चर्चने अधिकार दिला नाही, फक्त ओळखला, कॅथलिक परंपरेला जास्त वजन देतात, आणि हा वाद त्यांच्यात अजून चालूच आहे.

आणि राजानेच ठरवलं असेल तर प्रॉटेस्टंट बायबलमध्ये ६६, कॅथलिकमध्ये ७३ आणि इथिओपियाच्या ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये ८१ पुस्तकं कशी काय, हे त्या फॉरवर्डवाल्याने एकदा सांगावं.