टिंबांचं काय ते सांगतो

नमस्कार, कमेंट उशिरा बघितली, सॉरी. तुमचं म्हणणं थोडक्यात असं की 'वार्लुगुलाँग' या ऑस्ट्रेलियन आदिवासी चित्रावरची माझी पोस्ट म्हणजे टिंबाटिंबांच्या डिझाइनला मागाहून चिकटवलेली पुराणकथा, "40 हजार वर्षं जुनी शैली" ही थाप, आणि त्या चित्राला 24 लाख ऑस्ट्रेलियन डॉलर म्हणजे निव्वळ वेडेपणा.

मधला मुद्दा मान्य, तिथे मी माती खाल्ली. कथा जुन्या, वाळूत आणि अंगावर काढायच्या खुणाही जुन्या, पण मध्य ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटात हे बोर्डावर, मग कॅनव्हासवर अ‍ॅक्रिलिकने रंगवायला खरा जोर आला तो 1971 पासून, पापुन्या नावाच्या वस्तीत. वाक्य बदललंय.

पण कथा चिकटवलेली नाही हो. वार्लुगुलाँग हे मुळात जागेचं नाव. तिथे लुंगकाटा या निळ्या जिभेच्या सरड्याच्या रूपातल्या पूर्वजाने पहिला वणवा पेटवला, का तर त्याच्या दोन पोरांनी कांगारू मारला आणि बापाला न देता सगळा फस्त केला. पोरं त्या आगीत मेली. चित्रात उजवीकडे बघा, दोन सांगाडे शेजारीशेजारी पडलेत, तेच ते. आणि त्यावरून इतर पूर्वजांच्या वाटा जातात, एमूची तीन बोटांची पावलं वगैरे. आपल्याकडे स्थळमाहात्म्य असतं ना तसं काहीसं, फक्त इथे देऊळ नाही, अख्खा मुलूखच. चित्रकार क्लिफर्ड पॉसम जापाल्जारींना हे रंगवायचा हक्क होता कारण त्या जागांशी त्यांचं नातं होतं, कुणीही उठून ती कथा रंगवायची नसते.

आता टिंबं. गंमत म्हणजे अर्थ बहुतेक वेळा टिंबांत नसतोच! पापुन्याच्या सुरुवातीच्या चित्रांत दीक्षा झालेल्या पुरुषांनीच बघायच्या गोष्टी उघड दिसत होत्या, त्यावरून त्यांच्याच लोकांत भांडणं झाली, मग त्या गोष्टी गाळल्या गेल्या आणि टिंबांचा पडदा दाट होत गेला. म्हणजे तुम्ही "काही कळत नाही" म्हणता ते बरोबरच आहे, सगळं कळू नये हा हेतूच होता. मलाही जेवढं बाहेर सांगितलं गेलंय तेवढंच माहितीये.

"त्यापेक्षा आपली वारली बरी" असंही लिहिलंत. अहो वारलीतला लग्नाचा चौकसुद्धा सजावट नाही, त्यात पालघट देवी बसते आणि तो सवाशिणी काढतात. कुशन कव्हरवर आला म्हणून तो डिझाइन झाला का?

पैशांचं म्हणाल तर राग मलाही आहे, पण वेगळा. 1977 मध्ये एका बँकेने हे चित्र 1,200 डॉलरला घेतलं आणि कर्मचाऱ्यांच्या ट्रेनिंग सेंटरच्या कॅन्टीनमध्ये लावलं. 24 लाखांना विकलं गेलं 2007 मध्ये, चित्रकार जाऊन पाच वर्षं झाल्यावर. पुनर्विक्रीतला वाटा चित्रकाराला किंवा वारसांना देणारा कायदा तिथे लागू झाला 2010 मध्ये.